शुक्रवारची शर्यत

काय सांगायचं तुम्हाला, ही फजिती मी आजवर फक्त बायकोपाशी कबूल केलीय, आणि तीही तिला आधीच माहीत होती म्हणून! चहा घ्या, सांगतो. हसा, पण थोडंच.

माझे मामा फलटणचे. चाळीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज. मला सायकलपासून मोटारसायकलपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. आमच्या इथे कतारमध्ये, दोह्याजवळ लुसैलला मोटारसायकलींची जागतिक शर्यत होते ना, तिचा त्यांना भारी नाद. दरवर्षी टीव्हीवर बघायचे आणि मला फोन करायचे, "भाच्या, टीव्हीत त्या गाड्या नाकातनं बोलल्यागत वाटत्यात. एकदा खरा आवाज ऐकायचाय. आन् समद्या एकदम सुटताना डोळ्यांनी बगायच्यात. बास, मग काय मागणं न्हाय."

यंदा म्हटलं, मामा, याच तुम्ही!

आता इथली एक गंमत ऐका. दोह्यात वीस वर्षं काढली की माणसाच्या डोक्यातला रविवार मरतो. सुट्टी शुक्रवार-शनिवार. सत्यनारायण शुक्रवारी, हळदीकुंकू शुक्रवारी. संक्रांत बुधवारी आली तरी आमचा तिळगूळ शुक्रवारीच! मग एवढी मोठी शर्यत कुठल्या वारी असणार? वेबसाइटवर तीन दिवस दिसत होते. मी बेधडक शुक्रवारची दोन तिकिटं काढली.

"अहो, एकदा नीट वाचा तरी," सुमेधा म्हणाली. सुमेधा म्हणजे आमची बायको.

"वाचलं. खलास!" मी म्हणालो. वाचलं कुठलं, डोंबल!

मामांना फोन केला. ते जरा घुटमळले. "शुक्रवारी? आमच्याकडं तर रविवारी दावत्यात रं."

"मामा, रविवार म्हणजे आमचा सोमवार. रविवारी कोण शर्यत ठेवेल? तुमच्याकडे दोन दिवस उशिरा दाखवतात."

"लाइव्ह लिवलेलं असतंय की."

"लिहितात हो काहीही!"

बिचाऱ्यांनी माझं ऐकलं. त्यांच्या नातीचं बारसं ते पुढे ढकलणार होते, ते माझ्या शब्दावर रविवारीच ठरवून टाकलं. परतीचं विमान शनिवारी रात्रीचं. म्हणजे बघा, मी सगळ्या वाटा स्वतःच्या हाताने बंद केल्या.

शुक्रवारी संध्याकाळी लुसैलला पोचलो. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, खिशाला पेन. स्टँडमध्ये जागा हवी तेवढी रिकामी. मला वाटलं, वा, लवकर आलो! आणि मी इतिहास सांगायला सुरुवात केली. "मामा, पहिली काही वर्षं शर्यत भर उन्हात व्हायची. मग दिवे लावले आणि रात्री घ्यायला लागले. वाळू रस्त्यावर येऊ नये म्हणून कडेला ते खोटं गवत." इथवर सगळं खरं होतं हो. इथेच थांबायला हवं होतं.

एक गाडी आली, गेली. मग दोन आल्या. मग कुणीच नाही.

"भाच्या, ह्या सुटल्या कवा?"

आता मला काय माहीत! पण वीस वर्षांचा दोहेकर मी. "मामा, इथे एकेक करून सोडतात. पूर्वी सगळे एकदम सोडायचे, पण वाळू इतकी उडाली की कुणाला कोण दिसेना. तेव्हापासून हा नियम."

शपथ सांगतो, हे मी तिथल्या तिथे रचलं. इतक्या आत्मविश्वासाने, की मलाच पटलं!

मामांनी डोळे मिटले. "हा गडी जोर लावंना. गाडी तपासतोय जनू."

"मामा, जगातले एक नंबरचे लोक आहेत ते!"

"आसंल बाबा."

चहा आणायला गेलो, तर रांगेत पुढे एक केरळी गृहस्थ. मी विचारलं, "कौन जीत रहा है?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाईसाब, आज तो सिर्फ प्रॅक्टिस है. रेस संडे को है."

दोन कप हातात घेऊन उभा राहिलो, आणि ठरवलं, आत्ता जाऊन सांगायचं. गेलो. मामा कठड्याला टेकून, कानामागे हात धरून ऐकत होते, चेहऱ्यावर लहान पोराचं हसू. माझ्याच्याने नाही सांगवलं. पडद्यावर सगळ्यात वरचं नाव होतं, ते दाखवून म्हणालो, "हा जिंकला." आणि टाळ्या वाजवल्या. अख्ख्या स्टँडमध्ये मी एकटा! मग मामांनीही वाजवल्या.

वाराची चूक कुणाचीही होते हो. पण शनिवारचा पूर्ण दिवस ते माझ्या घरात होते, आणि मी तोंड उघडलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. विमानतळावर पाया पडलो, तर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झ्याक दावलीस रं शर्यत." मी गाडीत बसून रडलो, खोटं कशाला सांगू.

रविवारी रात्री आठला सोफ्यावर बसलो होतो. टीव्ही लावायची हिंमत नव्हती. फोन वाजला. मामा! बारशाचे पाहुणे निजले होते, मामा जागे.

"भाच्या, बगतोयस का? आत्ता सुटल्या! आन् काय रं, समद्या एकदमच सुटल्या की! त्यो वाळूचा नियम दोन दिसांत मोडला व्हय?"

मी मेल्याहून मेलो. "मामा... तुम्हाला तिथेच कळलं होतं?"

"पयली गाडी आली तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की! फोनवर बोललो, तिथं दोनदा बोललो. तू ऐकलंस व्हय?" मग आवाज जरा खाली आला. "जाऊ दे रं. सुटताना न्हाय गावल्या, पर आवाज खरा ऐकला. त्यो तुझ्यामुळंच."

"पुढच्या वर्षी परत या, मामा. रविवारचं तिकीट काढतो."

"आता गुडघं न्हाय ऐकत बाबा. बरं, गप बस आन् ऐक, पयलं वळण आलंय."

आणि शर्यतीपासून अर्ध्या तासावर राहणारा मी, ती शर्यत फलटणहून फोनवर ऐकत गप्प बसलो. शुक्रवारी एवढंच जमायला हवं होतं!