पाया पड, पण सोडू नको

खापरखेड्याच्या आमच्या कॉलनीतल्या कबड्डी संघाची मी प्रशिक्षक झाले, ती केवळ दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून. आधीच्या गुरुजींची बदली झाली आणि मंडळाचे अध्यक्ष आमच्याकडे चहाला आले. तरुणपणी मी विद्यापीठाकडून खेळायचे, हे माझ्या नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. या माणसाच्या पोटात काही राहत नाही, त्याचा एवढा एकदाच उपयोग झाला.

"रविवारी शेजारच्या खापा गावच्या पोरांसंग मॅच आहे, वहिनी. तोवर तुम्ही पाहा. जिंकले तं संघ तुमचा. हरले तं नागपूरचा एक माणूस मी पाहून ठेवला आहे."

"विचार करून सांगते," असं म्हणत मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मनात ढोलताशे वाजत होते. संघ मला हवा होता, अगदी हावरटासारखा हवा होता.

दुसऱ्या दिवशी मैदानात माझा प्रवेश झाला. ओढणी कमरेला खोचलेली, शिट्टी गळ्यात. नाटकात टाळीच पडली असती. पोरं ओळीनं येऊन माझ्या पाया पडली. सगळ्यात आधी कप्तान, सहा फुटी गडी, चढाईत पटाईत. मी खूश! पण पाच मिनिटांत कळलं, की पाया पडून झालं म्हणजे त्यांच्या लेखी माझं काम संपलं. मी सांगायचे, ते "हौ काकू" म्हणायचे आणि आपल्याच मनाचं करायचे.

संघाचं दुखणं लगेच दिसलं. प्रत्येकाला चढाई हवी होती. पकड कोणालाच नको, कारण तिच्यात टाळ्या कमी आणि खरचटणं जास्त. म्हटलं, मीच चढाई करते, पकडा मला. 'कबड्डी कबड्डी' करत घुसले, तर साती जण हात पाठीमागे बांधून मागे सरकायला लागले, जणू मी हळदीकुंकवाला निघाले होते आणि ते वाट देत होते! एकेकाला टपली मारून मी परतले. एका दमात अख्खा संघ बाद.

"पकडून काहून नाही राहिले गा?"

कप्तान लाजला. "तुम्हाले हात कसा लावायचा जी? आईनं पाहिलं तं घरात घेणार नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला सुचलं. "पाया तं पडता येते ना तुले? मंग पड. फक्त सोडू नको."

पुन्हा घुसले. डाव्या कोपऱ्यातून तो नमस्काराला वाकावा तसा वाकला आणि माझा घोटाच धरला. मी धाडकन मातीत. कप्तानाचा चेहरा असा, की आता थेट पोलीस चौकीत हजर होईल. त्याची पकड ढिली पडू लागली.

"सोडू नको बे!" मी पडल्यापडल्या ओरडले. "आणि बाकीचे काय पाहून राहिले? बसा ना माझ्यावर!"

बोलल्याबरोबर माझा दम तुटला होता, म्हणजे नियमानं मी बाद. पण तेव्हा नियम कोणाला आठवत होता? सहा जण धबाधब येऊन पडले. नंतर दोन दिवस कंबर बोलत होती. पण त्या ढिगाखाली मी जी हसले, तशी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

रविवारपर्यंत आमचा कोपरा सुधारला. खाप्याचे गडी घुसायचे, आमची पोरं वाकायची आणि घोटा काही सुटायचा नाही. शेवटी आम्हाला एका गुणाची आघाडी आणि शेवटची चढाई आमच्या कप्तानाची. लोक बोंबलत होते, "तीन आण बे, तीन!"

मी बाहेरून ओरडले, "निदानरेषा तेवढी ओलांड आन वापस ये! कोणाले शिवू नको!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं जेवणाचं ताट ओढून घेतलं. मग तो आत गेला. खाप्याच्या एका गड्यानं मुद्दाम पाय पुढे करून दाखवला. कप्तानानं चढाई वैध ठरवणारी ती निदानरेषा ओलांडली, तो तिथंच दम घुमवत राहिला आणि हात न लावता परतला.

"घाबरला बे!" लोक हसले. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो.

अध्यक्ष हार घेऊन धावत आले. "वहिनी, त्या नागपूरवाल्याले आता काय सांगू?"

उत्तर कप्तानानं दिलं, तेही रागातच. "त्याले नाही म्हणून सांगा. आन काकू, तुम्ही आधी मले सांगा, काहून नाही करू दिलं? दोन तं सहज आणले असते मी."

मी खाली बसले आणि बोटानं मातीत खाप्याचे सात गडी काढले. तो नाक फुगवून समोर उकिडवा बसला.

"हा तुले पाय दाखवून राहिला होता ना?"

"हौ."

"मंग त्याच्या मागचे दोघं कुठं उभे होते?"

त्यानं स्वतःच बोट टेकून ते दोघं आपल्या परतीच्या वाटेवर सरकवले. "फासच लावला होता जी साल्यायनं!" म्हणाला, आणि मोठ्यानं हसला. बाकीची पोरं त्याच्या खांद्यावरून वाकली. "आम्हालेही दाखवा ना, काकू!" मी माती सपाट केली आणि पुन्हा पहिल्यापासून सात गडी काढायला घेतले. अध्यक्ष बाजूला हार धरून उभेच होते.