नव्या मशीनमधले लाल गोळे

सुनेनं कॉम्प्युटर आणला तेव्हा मी त्याले हात लावला नाही. कपाशी निंदून आलेली, हाताले माती होती. लांबूनच पाह्यलं. पहूरले आमचं घर रस्त्यावर आहे. ओट्याले लागून एक खोली रिकामी पडेल होती. तिथं तिनं टेबल टाकलं, त्यावर मशीन मांडलं, बाजूले प्रिंटर ठेवला. लोकाचे फॉर्म भरायचे न् छापून द्यायचे, असं तिचं काम. मुलगा माझा ट्रकवर असतो, महिना महिना घर पाह्यत नाही. सून बारावी शिकेल, वरून कॉम्प्युटरचा क्लास केलेला. लगीन होऊन आली तेव्हापासून तिनं मले काही मागितलं नव्हतं. हे मागितलं. मी म्हटलं, कर.

पीकविम्याचे फॉर्म चालू होते. गल्लीतल्या लोकानं तिले सांगून ठेवलं होतं, पोरी, आम्ही तुझ्याकडेच भरू. आता हे लोक टिकले तरच तिचं काम चालणार होतं. नाहीतर बस स्टँडजवळ जुनं सेंटर आहेच, सारं गाव तिथंच जाते.

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी ती मशीनसमोर बसेल होती न् मी दारात लसूण सोलू राह्यली होती.

"आत्या, हे पाहा," ती म्हणे. सून मले आत्या म्हणते. "मशीन आपलं आपण लिहून ठेवते. कधी चालू झालं, कुठं अडलं, बठ्ठं. त्याले लॉग म्हणतात."

बठ्ठं म्हणजे सारं, हा शब्द माझा. माझं माहेर दोंडाईचाकडचं. इथं सारे मले त्यावरून हसत, सुनेनं मात्र तो उचलला.

मी चष्मा लावून जवळ गेली. मले वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल, दुसरीतून शाळा सुटली. पण लाल रंग कळाले शाळा लागत नाही. लाल गोळे एकाखाली एक. मधी मधी पिवळे त्रिकोण.

"हे लाल काय?"

"एरर."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं काहीतरी चुकलं. पण आत्या, असं राह्यते बहुतेक..."

"नव्या कोऱ्या मशीनमधी चुकलं? न् राह्यते म्हणते?"



मी काबरं इतकी भडकली ते सांगते. मी या घरात आली तेव्हा आमची केळी होती. एका वर्षी थोड्या झाडाच्या पानावर पिवळ्या रेघा आल्या. हरण्या रोग म्हणतात त्याले. जाणते लोक सांगून गेले, दिसलं की झाड उपटा, बागेबाहेर नेऊन गाडा. आमचे मालक, मुलाचा बाप, म्हणे, उभी हिरवी झाडं कशी उपटू, पाहू थोडं. पाह्यता पाह्यता बाग गेली. तेव्हापासून मी लोकाच्या कपाशीत जाऊ लागली. मालक वारले तरी जात राह्यली. रडाले सवड नव्हती. पण तेवढं अंगात भिनलं. खराब दिसलं की वाट पाहायची नाही, मुळासकट काढायचं.

मी तिले तेच सांगलं. "ज्याच्या नावापुढं लाल आहे ते काढून टाक. आजच. बाकीच्याले लागायच्या आत."

"आत्या, ते काढलं तर..."

"मी बाग गमावेल आहे. मले शिकवू नको."

तिनं एक एक नाव वाचलं न् एक एक काढलं. मी मागं उभी होती. शेतात मजुराच्या मागं उभं राह्यतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ओट्यावर माणसं. सातबारा, पासबुक घेऊन आलेली. सुनेनं नवी साडी नेसेल होती. मशीन चालू झालं, पण नेट लागेना. मोबाईलवरून कसंतरी लावलं, एक फॉर्म भरला, तर प्रिंटर हालेना. तिच्या कपाळाले घाम.

शेजारचे नाना पहिले बसेल होते. ते म्हणे, "पोरी, तुझा कागद निघेस्तोर माझा कापूस घरात येईन."

लोक हसले. एक बाई म्हणे, "शिकेल सून आहे भाऊ, थांबा. चहा तरी भेटीन." पुन्हा हसले. मग एक उठला, त्याच्या मागं दुसरा. नाना शेवटी उठले. सारे स्टँडकडे गेले. मी चुलीपाशी बसून ऐकत होती. बाहेर आली नाही.

मग आम्ही दोघी एसटीनं जळगावले गेलो. मशीनचा डबा माझ्या मांडीवर. मशीन घेतलं त्या दुकानात गर्दी होती. काउंटरवर एक पोरगी होती, तिनं मशीन लावलं न् इकडंतिकडं पाह्यलं.

"नेट न् प्रिंटर चालवणारे प्रोग्राम, ते ड्रायव्हर, कोणी काढले?"

"मी," सून म्हणे.

"काबरं? मशीन अडकत होतं? आपोआप बंद पडत होतं? निळा पडदा येत होता?"

"नाही. लॉगमधी लाल दिसलं."

बाजूचा एक गिऱ्हाईक म्हणे, "लाल दिसलं म्हणून प्रिंटर उपटला? वा ताई." दुकान हसलं.

त्या पोरीनं दुकानातलं मशीन आमच्याकडे फिरवलं. त्यातही तसेच लाल गोळे. ती म्हणे, "हे पाहा. मशीन उठते तेव्हा एक जण दुसऱ्याले हाक मारते, दुसरा अजून उठेल नसते. तेवढ्याचंही लाल लिहिते. मग तो उठते न् काम चालू होते. ज्याचं काम चांगलं चालू आहे त्याले हात लावायचा नाही. मशीन खरंच त्रास देऊ लागलं तर मग ते लाल वाचायचं, न् आमच्याकडे यायचं. कळलं का ताई?"

"हो. चुकलं माझं," सून म्हणे. मान खाली.

मी म्हटलं, "तिनं नाही. मी काढाले लावलं. ती नको म्हणत होती."

 हसणारा माणूस मोबाईल पाहू लागला. पोरगी म्हणे, "जाऊ द्या आजी, होते असं." लहान लेकराशी बोलतात तशी बोलली. 

तिनं काढलेलं सारं परत टाकून दिलं. बाहेर आल्यावर मी सुनेले इचारलं, "तुले माहीत होतं?"

"क्लासमधी सर बोलले होते. असे लाल साऱ्याच मशीनमधी राह्यतात म्हणून."

"मग जोर देऊन काबरं नाही बोलली?"

ती डबा सावरत म्हणे, "तुम्हाले कोण बोलते आत्या, घरात?"

रागानं नाही म्हटलं तिनं. एसटी कधी आहे सांगावं तसं म्हटलं. मले वाटलं होतं, मी सोसलं म्हणून घर उभं आहे. माझ्या घरात सुनेच्या तोंडातलं वाक्य पुरं होत नाही, हे मले रस्त्यावर उभं राहून कळलं.

मशीन आता चालते. विम्याचा फॉर्म भरणारे लोक काही परत आले नाही, तारीख निघून गेली. नाना येतात कधी बिल भराले. एखादी पोरगी शाळेचा फॉर्म घेऊन येते. मी खोलीत जात नाही. पाणी द्यायचं झालं तरी दारातून देते.

पण दारात दिसली की सुनेचा हात थांबते. काही दाबायच्या आधी ती माझ्या तोंडाकडे पाह्यते. मी मान फिरवते, तिनं आपल्या मनानं दाबावं म्हणून. तिले वाटते, मी रागावली.