जर्मनीच्या कायद्याचं निमित्त

हे मी इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. निखिललासुद्धा नाही — निखिल म्हणजे माझा नवरा. आमच्यात लपवाछपवी फारशी नाही, पण एवढं एक मी स्वतःपाशी ठेवलं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं, आणि ते जिला सांगायला हवं होतं तिलाच सांगितलं. आता तुम्हाला सांगते. पुन्हा सांगताना एवढं जड जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

कुठून सुरू करू? दुकानापासूनच करते.

तेव्हा आम्ही नुकतेच इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आलो होतो. निखिल आयटीत. मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करायचे आणि इथे येऊन घरी बसले होते. पलीकडच्या वस्तीत वृंदा राहायची. तिचा नवरा सुनील आणि निखिल एकाच प्रोजेक्टवर, त्यामुळे ओळख झाली. वृंदा सावंतवाडीची. तिच्या डायनिंग टेबलवर एका टोपलीत फळं असायची — आंबा, सीताफळ, केळी, एक जांभळं वांगं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सीताफळ उचललं आणि तेव्हा कळलं की लाकडाचं आहे. तिच्या मामांच्या ओळखीचे कारागीर ही फळं करायचे.

ही फळं ऑनलाइन विकू या, ही कल्पना माझी. तिची नव्हे, माझी. ती आधी घाबरली होती. म्हणाली, मला ते कागदपत्रांचं काही जमणार नाही, आणि तू मध्येच सोडून गेलीस तर? मी म्हटलं, वेडी आहेस का, कागदपत्रं सगळी माझ्याकडे. तू फक्त माल बघ.

आणि दुकान चाललं. इंग्लंडमध्ये थोडंफार, पण खरं चाललं ते जर्मनीत. तिथल्या लोकांना लाकडाच्या वस्तूंचं एवढं का असतं, मला अजून माहीत नाही. मी हिशेब बघायचे, मेल्सना उत्तरं द्यायचे, आणि वृंदा गाडी चालवत नसल्यामुळे पार्सलं पोस्टात नेऊन टाकायचे. बाकी सगळं तिचं. पॅकिंग तर पूर्णच तिचं. आंबा पिवळ्या टिश्यू पेपरमध्ये, वांगं जांभळ्या, मिरची हिरव्या. मग वर ब्राउन पेपर, मग बारीक सुतळीची गाठ, आणि ती गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटेल. मी म्हणायचे, अगं किती वेळ घालवतेस. ती म्हणायची, उघडणाऱ्याला बरं वाटतं.

बरं वाटायचंच. गिऱ्हाइकांच्या मेल्स यायच्या त्या फळांबद्दल कमी आणि पॅकिंगबद्दल जास्त. एका आजींनी लिहिलं होतं की त्यांनी रोज जेवणानंतर एक असं करून आठवडाभर ते पार्सल उघडलं. मेल्स मी वाचायचे, मीच तिला वाचून दाखवायचे. आणि हळूहळू — हेही सांगूनच टाकते — काही काही मी वाचून दाखवेनाशी झाले. माझ्या हिशेबाचं कौतुक करणारी मेल कधी येणार होती?

एवढंच असतं तर चाललं असतं. पण २००८च्या शरदात मला इथल्याच एका अकाउंट्स ऑफिसात नोकरी मिळाली. फुल टाइम, जानेवारीपासून. मला ती हवी होती. मला रोज सकाळी तयार होऊन कुठेतरी जायचं होतं, वृंदाच्या स्वयंपाकघरात सेलोटेपची टोकं शोधायची नव्हती. मग सरळ तसं सांगायचं ना? वृंदा, मला नोकरी लागली, आता तू बघ, किंवा दुसरी कोणी पार्टनर शोध. दोन वाक्यं. आठवडाभर मी ती दोन वाक्यं गाडीत म्हणून बघत होते, प्रत्येक राउंडअबाउटला नव्याने. तिच्या दारात गेले की मात्र पार्सलांची चौकशी करून परत यायचे.

त्याच सुमाराला तो कायदा आला. जर्मनीत घरोघर माल पाठवणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याने, भले तो परदेशातला का असेना, आपल्या खोक्यांच्या आणि कागदांच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, जानेवारीपासून. म्हणजे तिकडचा कचरा गोळा करून पुन्हा वापरात आणणाऱ्या एखाद्या संस्थेकडे नाव नोंदवायचं आणि आपला पुठ्ठा, कागद किती जातो त्याप्रमाणे फी भरायची. नाही केलं तर दंड. तिथले वकील अशा विक्रेत्यांना शोधून नोटिसा धाडतात, अशीही बोलवा होती. आमच्यासारखे विक्रेते ऑनलाइन गप्पांमध्ये हवालदिल झाले होते. वृंदानेही कुठूनतरी ऐकलं आणि मला विचारलं. मी म्हटलं, बघते.

मी बघितलं. खरंच बघितलं, तेवढं काम मी केलं. तिथल्या एका संस्थेला फोन केला. एक बाई बोलल्या, सर्दी झालेल्या आवाजात, पण अगदी स्वच्छ इंग्रजीत. वर्षाला साधारण किती किलो पुठ्ठा आणि कागद जाईल ते आम्हाला कळवा, करार करा, झालं. कोणते कागद, कोणत्या रंगाचे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. फी म्हणाल तर आम्ही सेलोटेपवर जेवढा खर्च करत होतो तेवढीसुद्धा नव्हती. त्यांनी विचारलं, तुम्ही विकता काय? मी सांगितलं, लाकडाची फळं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माझ्या आईला आवडतील, दुकानाचं नाव सांगा ना. मी नाव सांगितलं.

फोन ठेवला आणि कोट चढवून वृंदाकडे गेले. रेडवेने, म्हणजे इथल्या पायी चालायच्या लाल वाटेने, चालत. दहाएक मिनिटांची ती वाट, आणि त्या वाटेवर कुठेतरी माझं ठरलं. कुठे ठरलं ते सांगता येणार नाही. घरातून निघताना मी तिला खरंच फोनबद्दल सांगायला निघाले होते, असं मी नंतर किती वर्षं स्वतःला सांगत होते. पण मग गाडी का नाही काढली? मला वेळ हवा होता, म्हणून चालत गेले.

ती टेबलाशी बसून केळी गुंडाळत होती. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, वृंदा, आपल्याला दुकान बंद करावं लागणार.

मग मी बोलत गेले. प्रत्येक प्रकारचा कागद तिथल्या लॅबमध्ये तपासून घ्यावा लागतो. रंगीत टिश्यूला तर परवानगीच मिळत नाही. छोट्या विक्रेत्यांना झेपण्यासारखं नाही. दंड झाला तर सुनीलच्या व्हिसापर्यंत जाऊ शकतं. हो, हेसुद्धा मी बोलले. नवऱ्याच्या व्हिसावर इथे राहणाऱ्या बाईला काय बोललं की ती पुढे विचारणार नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मीही तशीच राहत होते ना?

ती तरीही विचारत राहिली.

"आणि टिश्यू बंद केला तर? नुसता ब्राउन पेपर?"

मी म्हटलं, त्यालाही तपासणी.

"वर्तमानपत्रात गुंडाळलं तर?"

मी म्हटलं, शाई असते ना, ते तर अजूनच वाईट.

"अगं, मग नुसतं खोक्यात कापडाच्या चिंध्या घालून?"

एकेक वाट ती शोधत होती आणि मी बंद करत होते. किती सहज जमत होतं मला. हिशेबाच्या कामात मी एवढी हुशार कधी नव्हते.

शेवटी तिच्या वाटा संपल्या. हातातलं अर्धं गुंडाळलेलं केळं तिने खाली ठेवलं. आणि म्हणाली —

इथपर्यंत यायलाच मी इतका वेळ लावला. कारण खोटं बोलले, हे कबूल करणं तसं सोपं आहे. खोटं सगळेच बोलतात. मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

ती म्हणाली, "सॉरी, मेधा. एवढे कागद मीच वापरत होते. तू पहिल्यापासून सांगत होतीस, मी ऐकलं नाही. तुझी एवढी मेहनत माझ्यामुळे वाया गेली."

तिचे डोळे भरले होते. आणि मी काय केलं? मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे."

जाऊ दे. तिने न केलेल्या चुकीसाठी मी तिला माफ केलं. आणि तिने माझे आभार मानले.

शेवटची ऑर्डर नाताळाच्या आधी गेली. माझ्या नोकरीची बातमी मी जानेवारीत दिली, दुकान बंद झालं म्हणून शोधली, अशी. वृंदाने मला शिरा करून आणला. उरलेली फळं तिने संक्रांतीला वाण म्हणून वाटली. तिच्याकडे हळदीकुंकवाला मिल्टन कीन्समधल्या आम्ही बऱ्याच जणी जमलो होतो, एक-दोघी तर वेम्बलीहूनही आल्या होत्या. ताटात फळं तशीच ठेवलेली, न गुंडाळता. कोणीतरी विचारलं, एवढं छान चाललेलं दुकान का गं बंद केलंत? वृंदा हसत म्हणाली, "माझ्या कागदांच्या हौसेपायी. जर्मनीच्या सरकारला माझं पॅकिंग पसंत नाही पडलं." सगळ्या हसल्या. मी हलवा खात होते. मीही हसले.

त्याच वर्षी मंदीत सुनीलचं काँट्रॅक्ट संपलं आणि ते सुनीलच्या गावी, कोल्हापूरला परत गेले. दुकानामुळे त्यांचं जाणं टळलं असतं असं मी म्हणणार नाही, टळलं नसतंच. पण दुकान तिच्यासोबत जाऊ शकलं असतं की नाही, हा प्रश्न मी कित्येक वर्षं स्वतःला विचारू दिला नाही.

आणि माझ्या ऑफिसात काय काम आलं असेल? हळूहळू तिथे ऑनलाइन विकणारे छोटे दुकानदार यायला लागले. इल्फर्डचा एक मोबाइलची कव्हरं विकणारा, एक साबण करणारी बाई. सगळे त्याच भीतीने आलेले. मी त्यांना चहा द्यायचे आणि सांगायचे, घाबरू नका, तुमचे खोके किती, वजन किती, सांगा मला. दुपारपर्यंत त्यांची नोंदणी झालेली असायची. जाताना ते माझा हात धरून थँक यू म्हणायचे. तेव्हा मला काय वाटायचं, ते सांगायला हवं का?

वृंदाशी फोन चालू होते. दिवाळीला, वाढदिवसांना. मध्येच ती आपण होऊन तो विषय काढायची, गमतीने, आणि मी विषय बदलायचे.

गेल्या महिन्यात ती आली. मुलीला इथल्या युनिव्हर्सिटीत सोडायला. दोन दिवस माझ्याकडे राहिली. त्या दोन दिवसांत मला सांगायला कितीतरी वेळ होता. मी सांगितलं ते स्टेशनच्या कार पार्कमध्ये, तिच्या ट्रेनला थोडाच वेळ उरलेला असताना. बघा, तेव्हाही मी पळवाट ठेवलीच होती.

मी सगळं सांगितलं. नोकरी, तो फोन, त्या सर्दीवाल्या बाई, रेडवे. समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. मग तिने एकच विचारलं.

"म्हणजे कागद चालले असते?"

"हो. सगळे चालले असते."

तिने मोठा श्वास सोडला. मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निदान आधी तरी नव्हता. म्हणाली, "मी घरी कोणाची भेटवस्तूसुद्धा गुंडाळत नाही गं. पिशवीत घालून देते. मला वाटायचं, मी तुझं नुकसान केलं."

मग राग आला. यायलाच हवा होता. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "नोकरी लागली म्हणाली असतीस तर मी पेढे आणले असते. आणि दुकान मी चालवलं असतं. हळूहळू शिकले असते. तू मला ते येणारच नाही असं धरून चाललीस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ती उतरली, बॅग तिने स्वतःच काढली. खिडकीशी वाकून म्हणाली, "त्या हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्यांना मी माझी चूक म्हणून सांगितलंय. आता खरं काय ते तू सांग." आणि प्लॅटफॉर्मकडे गेली. कोल्हापूरला पोचल्यावर तिचा नुसता मेसेज आला, पोचले म्हणून. त्यानंतर फोन नाही. येईल की नाही, माहीत नाही, आणि मी वाट बघतेय असंही तिला कळवणार नाही.

त्या संध्याकाळी कार पार्कमध्ये मी बराच वेळ बसून होते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भूक लागली. इतक्या साध्या, सरळ भुकेने मी कित्येक वर्षांत घरी गेले नव्हते. निखिलला जेवतानाच सगळं सांगितलं. लाज वाटली, पण लाजेहून मोठं काहीतरी उतरून गेलं होतं, आणि खोटं का बोलू, मला फार बरं वाटत होतं. आजही वाटतंय. हे बरं वाटणं माझ्या वाट्याला यायला हवं की नको, ते मी ठरवत नाही.

तर त्या संक्रांतीला वृंदाच्या घरी ज्या ज्या होत्या, ज्यांच्या शोकेसमध्ये अजून एखादं लाकडी वांगं किंवा आंबा असेल, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. तुम्ही तेव्हा जे ऐकलंत ते तसं नव्हतं. जर्मनीच्या कायद्याने आमचं दुकान बंद पडलं नाही. वृंदाच्या कागदांनीही नाही. ते मी बंद केलं.