जीपच्या गळ्यातला हार

देवावर विश्वास किती, असं कुणी विचारलं की मी पूर्वी छाती पुढे काढून सांगायचो. पण गेल्या मार्गशीर्षाच्या तोंडावर, आमच्या निमोणे गावाच्या थंडीत, त्याच देवाशी मी पंधरा दिवस अबोला धरला होता, हे आधी कबूल करतो. कारण आमची जुनी डिझेल जीप. दुपारी गुणाने वागणारी ही बया दसऱ्यापासून सकाळी रुसून बसायची. सेल मारला की इंजिन नुसतं फिरायचं, साधं खोकायचंही नाही. सेल मारून मारून बॅटरी अर्धमेली झाली की मग कुठे जीप धरायची, चालू व्हायची. बॅटरी नवी घातली आणि रोज रात्री ती घरात आणून गोधडीत गुंडाळून ठेवू लागलो, तेव्हा बायको म्हणाली, एवढी काळजी पोरांची कधी घेतली नाहीत. हीटर प्लग बदलून झाले. शिरूरला मिस्त्रीकडे न्यावी, तर पोचेपर्यंत इंजिन तापलेलं आणि तिथे पहिल्या हाकेला ओ देणार! शेवटी मिस्त्रीने मान हलवली. इंजिनात दम राहिला नाही, खोलावं लागेल. मी भंडारा लावला, नारळ फोडला, लिंबू उतरवलं. काडीचा फरक पडला नाही. मग मात्र मी देव्हाऱ्यातल्या खंडोबाकडे बघणंच सोडून दिलं.

त्यातच माझ्या मुलीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी आली. दौंडला, सकाळी साडेसहाला. मैदानाचं फाटक बंद झालं की संपलं, आणि वयाची अट बघता ही तिची शेवटची संधी. दोन वर्षं ती पोर रोज उजाडायच्या आत पाटाच्या कडेने धावत होती. आदल्या संध्याकाळी शेजारचे तात्या त्यांची नवी गाडी देऊ करत होते. मी म्हणालो, “कशाला तात्या? खंडोबाची जीप हाय, त्योच नेईल.” बोलणं बंद असलेल्या देवाच्या नावावर मी हा शब्द देऊन बसलो. त्यात भक्ती किती आणि तोरा किती, ते त्यालाच ठाऊक. तात्या मग आपली गाडी घेऊन लेकीकडे पुण्याला निघून गेले. आमची मोटरसायकल थोरला रांजणगावला कंपनीत घेऊन गेलेला.

पहाटे पावणेपाचला सेल मारला. जीप ढिम्म. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मुलगी बूट घालून पुढच्या सीटवर बसली होती. आमचं घर रस्त्याला लागून. समोर थांब्यावर मफलर गुंडाळून एक वयस्क गृहस्थ पहिल्या एसटीची वाट बघत उभे होते. ती एसटी दौंडला पोचणार फाटक बंद झाल्यावर. आमची धडपड ऐकून ते रस्ता ओलांडून आले. दौंडचे होते, बौद्धवस्तीत बहिणीकडे आलेले. उभा जन्म रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर फिटर म्हणून काढलेला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा.

“सेल मारताना धूर निघतो का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“पांढरा, काळा, कसलाच न्हाई?”

“कसलाच न्हाई.”

“मग हीटर आन् कॉम्प्रेशन, म्हंजे इंजिनाचा दम, दोन्ही निर्दोष बघा. त्ये बिघडले असते तर न जळल्यालं डिझेल पांढरा धूर हून निघालं असतं. हितं डिझेलच पोचत न्हाई.”

दीड महिना आम्ही इंजिनाला औषधपाणी करत होतो आणि ते बिचारं उपाशी होतं! फिटरकाकांनी डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला. ताज्या ताकासारखा फेस वर आला. “हवा ओढतंय,” ते म्हणाले, आणि टॉर्चच्या उजेडात टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपावर बोट फिरवत आले. फिल्टरजवळ बोट थांबलं. तिथे खंडेनवमीचा हार होता.

त्या हाराची हकिकत अशी. खंडेनवमीला आम्ही हत्यारं-अवजारं आणि गाडी पुजतो. आदल्या साली बॉनेटवरचा हार शेळीने खाल्ला, म्हणून त्या साली मी हुशारी केली. हार आत, इंजिनाच्या अगदी छातीशी, बाइंडिंग वायरने घट्ट पिळून बांधला. वर खंडोबाला शब्द दिला, की त्याच्या चंपाषष्ठीपर्यंत हा हलवणार नाही. शिरूरच्या मिस्त्रीने दर वेळी त्याला हात जोडून, त्याच्या अवतीभवतीच काम केलं होतं. देवाच्या हाराला हात कोण लावणार?

“ह्यो काढावा लागंल,” फिटरकाका म्हणाले. “मी देव मानत न्हाई. पर दुसऱ्याच्या देवाला मी हात लावायचा न्हाई. तुम्हीच सोडवा.”

चंपाषष्ठी चार दिवसांवर होती. माझा हात पुढे जाईना. दिलेला शब्द मोडला आणि त्याचं फळ पोरीला भोगावं लागलं तर? तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “आबा, देवाला हार पायजे का तुमचा हट्ट?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवसांनी मी त्याच्याशी बोललो. म्हटलं, मल्हारी, माझं शहाणपण संपलं, आता तुझं चालू दे. आणि पकडीने तार तोडली.

सुकलेल्या झेंडूखाली तारेने रबर कापत नेलं होतं. बाहेर थेंबही गळत नव्हता, पण रात्रभर त्या चिरेतून हवा आत शिरायची आणि डिझेल टाकीत माघारी जायचं. फिटरकाकांनी कापलेला तुकडा छाटला, पाइप ओढून पुन्हा बसवला, क्लिप आवळली आणि फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत पंप दाबला. “मारा सेल.” अर्ध्या सेलला इंजिन धडधडलं! “येळकोट येळकोट जय मल्हार!” मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की गल्लीतली कुत्री उठली.

फिटरकाका आमच्यासोबतच आले. सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही फाटकाशी होतो. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, म्हणालो, तुमच्या रूपाने देवच आला. त्यांनी मला वरच्या वर धरलं. “देव नका करू मला. फिटर हाय, तेवढं पुरं.” मी हात जोडून ‘जय भीम’ म्हटलं. ते हसले, ‘जय मल्हार’ म्हणाले आणि चालू लागले. नाव विचारायचं राहूनच गेलं. मुलगी त्या दिवशी वाऱ्यासारखी धावली. यादीत तिचं नाव लागलं तेव्हा मी अंगणात लहान पोरासारखा रडलो.

देव येतो का, कसा येतो, यावर मी आता वाद घालत नाही. त्याने कोणत्या वाटेने यायचं हे मी ठरवून बसलो होतो आणि माझ्याच हाताने ती वाट आवळली होती, एवढं मला कळलं. यंदा खंडेनवमीला मुलगी रजा काढून आली. वर्दी घालून तिने जीपला हार घातला, सैलसर, साध्या दोऱ्याने. दसऱ्याच्या सकाळी, गारठा असतानाच, तो स्वतःच्या हाताने उतरवून तिने कपाळाला लावला आणि मला म्हणाली, “आबा, मारा सेल.”

अर्ध्या सेललाच धरली.