हरणांसाठी रदबदली

निशिकांत मेश्रामकडे जेवायला गेलं की मुघलांच्या शिकारीतून सुटका नसे. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये पानात भाजी पडायच्या आत लॅपटॉप उघडायचा. उपग्रहाने टिपलेला पंजाबातला माळ, बुजलेला तलाव, बादशहासाठी राखलेल्या रानाची पुसट हद्द. नोकरी तिथल्या किनाऱ्याची धूप मोजण्याची, पण जीव त्या शिकारगाहांत. "यांच्या हरणांनी माझा संसार चरून टाकला," असं त्याची बायको अरुणा म्हणायची आणि पुढचं चित्र दाखवा म्हणून तीच मागे लागायची.

मला वैताग यायचा. राजांच्या चैनीचं तुला कसलं एवढं कौतुक, असं एकदा तोंडावर विचारलं. तेव्हा कळलं, त्याच्या पणजोबांना गावचा जमीनदार शिकारीच्या वेळी वेठीला धरायचा, डबे बडवत रान उठवायला. त्यातच रानडुकराने त्यांना फाडलं. निशिकांतला बादशहाशी देणंघेणं नव्हतं. तो कडं करून उभ्या राहिलेल्या माणसांना शोधत होता.

त्या कड्याला कमरगाह म्हणत. हजारो माणसं कोसच्या कोस वेढा घालायची, रोज थोडी आत सरकायची, आणि शेवटी सगळी जनावरं एका मैदानात कोंडली की बादशहा आत शिरायचा. ही रीत मुघलांकडे मंगोल पूर्वजांकडून आली. त्या पूर्वजांचा एक रिवाज निशिकांत हमखास सांगायचा. मनसोक्त शिकार झाली की पांढऱ्या दाढीचे म्हातारे राजापुढे येत, उरलेल्या जनावरांसाठी रदबदली करत, आणि मग कडं उघडलं जाई. तरण्यांनी मागून चालत नसे, म्हाताऱ्यांनीच मागायचं.

मागच्या वर्षी अरुणाला कॅन्सर निघाला, तोही यकृतात पसरलेला. एक औषध हरलं की निशिकांत दुसरं शोधून काढायचा आणि डॉक्टरांच्या मागे लागायचा. अरुणाचे केस गेले, मग चव गेली, मग चालणं गेलं. लेक ऋता शहराच्या पूर्व टोकाच्या पासिर रिसहून रोज यायची. "पप्पा, इनफ लाह, पुरे करा आता," ती एकदा रडत म्हणाली, तर त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं. माझाही त्याच्यावर राग होता.

एका दुपारी मी हॉस्पिटलात सूप घेऊन गेलो. नवं औषध सुरू करायचं ठरत होतं आणि निशिकांत उत्साहाने तिला समजावत होता. अरुणाने त्याच्या हनुवटीवर हात ठेवला. कितीतरी दिवसांत त्याने दाढी केली नव्हती, सगळे खुंट पांढरे होते.

"अहो, वेढा फार जवळ आला," ती म्हणाली. "तुम्ही म्हातारे झालात ना आता? जाऊन मागा की माझ्यासाठी."

तो उठला. डॉक्टरांच्या खोलीत गेला, मी मागोमाग. डॉक्टर ऋतापेक्षाही लहान दिसत होती. तिच्यापुढे त्याने हात जोडले आणि बायकोचे उपचार थांबवा म्हणून मागितलं. तिने एका शब्दानेही वाद घातला नाही, घरी न्यायची व्यवस्था करते एवढंच म्हणाली.

अरुणा घरीच गेली, झोपेत, ऋताच्या हातात हात ठेवून. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. निशिकांत बंद लॅपटॉपसमोर बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो.

"राजाने लगेच ऐकलं रे," तो म्हणाला. "मीच मागायला उशिरा गेलो."