नॉन-स्टार्टर

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची लेक नॉन-स्टार्टर निघाली," माझा धाकटा भाऊ चहाची बशी खाली ठेवत म्हणाला. "वर्षभर पळायची तयारी, आणि पळायच्या दिवशी घरात!"

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. बदलापूरचं आमचं घर दोन खोल्यांचं. आत बसलेल्या मुलीला सगळं ऐकू गेलं.

हा शब्द भावाने अंबरनाथच्या त्याच्या कारखान्यात उचलला होता. तिथले साहेब एखादी सूचना फेटाळताना तो वापरत. यात दम नाही, हे होणारच नाही, असा अर्थ. इंग्रजीत आज तो असाच चालतो. पण आला घोड्यांच्या शर्यतीतून, आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या रेसकोर्सवर तिकिटांच्या खिडकीत काम केलं. ज्या घोड्याचं नाव यादीत छापलंय, पण जो शर्यतीला उभाच राहत नाही, तो नॉन-स्टार्टर. त्याच्यावर लावलेले पैसे आम्ही परत करायचो. लोक तिकीट सरकवताना घोड्याला शिव्या घालत. "अहो, घोड्याला काय बोलता? मालकाने काढलाय त्याला," मी म्हणायचो. कधी पाय दुखावलेला असे, कधी मालकाची मर्जी. घोडा घाबरला, असं मी कधी ऐकलं नाही. अनोळखी माणसांना शंभरदा सांगितलेली ही गोष्ट सख्ख्या भावाला सांगायला माझी जीभ उचलली नाही.

पोलीस भरतीसाठी मुलगी रोज खरवईच्या रस्त्याला पळायची. मी सायकल घेऊन मागे. हौस मलाही होती, ते खोटं नव्हतं. एकदा टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "काय काका, घोडी तयार करताय का रेसला?" सगळे हसले. माझं ते काम सगळ्यांना माहीत होतं. मुलीने मानसुद्धा वळवली नाही, पळत राहिली. मी मात्र सायकलवरून उतरलो. दुसऱ्या दिवसापासून तिच्यामागे गेलो नाही.

मैदानी चाचणीचं पत्र आलं तेव्हा घरी मी एकटाच होतो. खिशात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला एका कामासाठी उतरलो तेव्हा फाडून टाकलं. "आलं का हो बाबा पत्र?" ती विचारायची. "नाही गं."

मग एका दुपारी तिची मैत्रीण चाचणी देऊन थेट आमच्या दारात आली. "कुठे होतीस गं? दोनदा पुकारलं तुझं नाव!"

मुलगी पोस्टमनशी भांडली, सगळ्या गल्लीसमोर. तो शपथ घेऊन सांगत होता, "ताई, मी तुझ्या वडिलांच्या हातात दिलंय." मग माझ्याकडे बघत राहिला.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

गल्लीने काय ते ठरवून टाकलं : पोरगी घाबरली आणि आता पोस्टाचं नाव सांगते. भाऊही त्यातलाच एक. पुढच्या भरतीचा फॉर्म तिने आणला नाही. त्यानंतर ती कधी पळाली नाही.

यंदा तिच्या घरी वांगणीला जाऊन सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकूनही निवडतच राहिली.

"किती वाजता बोलावलं होतं?"

"सकाळी सहाला. ठाण्याला."

"पहिली गाडी मिळाली असती," ती म्हणाली. मग विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"आणि तो पोस्टमन?"

"वारला. तुझ्या काकाच्या आधी."

"मग मला एकटीला सांगून काय करू मी, बाबा? मी घाबरले नव्हते, हे मला माहीतच होतं. गल्लीतले जे उरलेत त्यांना सांगा."

आता माझ्याने दारोदार फिरणं होत नाही, म्हणून लिहितो आहे. पत्र आलं होतं. पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं होतं.