मारामारी लपवली न्हाय, तरी व्हिसा आला

मंडळी, आज दुपारी पासपोर्ट परत आला आणि आत व्हिसा हाय! लेकीच्या पदवीदानाला मी इंग्लंडला चाललोय.

फॉर्ममध्ये विचारलंवतं, कधी शिक्षा झालीय का? झालीय की. वीस वर्षांमागं फुटबॉल मॅचनंतर दोन पेठांची जुंपली. मी समोरच्या पेठेतल्या दिलीपचं नाक फोडलं आणि कोर्टानं मला दंड केला.

एजंट म्हणाला, "न्हाय म्हणून लिवा, कोण बघतंय?" लेक म्हणाली, "पप्पा, खरंच लिहा. नाही मिळाला व्हिसा तर फोटो पाठवीन."

मी खरं लिहिलं. महिनाभर धड जेवण गेलं न्हाय.

आज पहिला फोन दिलीपलाच केला. आता दोस्त हाय त्यो. म्हणाला, "जा की बिनधास्त. फक्त तिथं मॅचला जाऊ नगंस."

लेकीनं तिथल्या फुटबॉल मॅचची तिकिटं आधीच काढल्यात. आता तुम्हीच सांगा, जाऊ का नको?